भामरागडचा रस्ता आणि सतरा तासांची शर्यत

गडचिरोलीच्या बसस्थानकावर भामरागडची एस.टी. धरली की चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, पेरमिली, ताडगाव अशी गावे मागे टाकत गाडी जंगलात शिरते. अंतर साधारण १८० किलोमीटर. बसून प्रवास केला तरी अंग आंबून जाते. मांडीवर लेकरू घेऊन आलेली बाई उतरताना म्हणते, ‘आता काही जीव राह्यला नाही बाप्पा!’

आता एक कल्पना करून पाहा. हाच सगळा रस्ता एका माणसाने सायकलवर कापायचा, तोही एका दिवसात. सायकलवर बसण्याआधी सकाळी त्याने ३.८ किलोमीटर पोहायचे. हेमलकशाहून भामरागडला जितके चालावे लागते, साधारण तितके अंतर पाण्यातून. आणि १८० किलोमीटर झाल्यावर सायकल उभी करून, घोटभर पाणी पिऊन, ४२ किलोमीटर धावायचे. भामरागडहून लाहेरीला पायी जाऊन परत यायचे आणि वर आणखी थोडे, असाच हा हिशोब. या सगळ्याला मिळून वेळ १७ तास. सकाळी ७ वाजता सुरुवात केली तर रात्री १२ च्या ठोक्याला पोचले पाहिजे. त्यानंतर एक मिनिट जरी झाले, तरी यादीत नाव नाही.

ही थट्टा नाही. अशी शर्यत जगात दरवर्षी अनेक ठिकाणी होते. तिला ट्रायथलॉन म्हणतात आणि तिच्या या सर्वांत प्रसिद्ध लांब प्रकाराला ‘आयर्नमॅन’, म्हणजे लोखंडी माणूस, असे नाव आहे. नावात ‘मॅन’ असले तरी बायाही त्यात उतरतात आणि चांगल्या चांगल्या पुरुषांना मागे टाकतात.

वाचक म्हणतील, ही श्रीमंतांची हौस, तिचे आपल्याला काय? शंका रास्त आहे. पण दोन कारणांसाठी ही शर्यत आपण समजून घेतली पाहिजे. पहिले कारण असे की, तिच्यात उतरणारे बहुतेक लोक पट्टीचे खेळाडू नसतात. ते हौशी असतात. कुणी डॉक्टर, कुणी मास्तर, कुणी पोलीस, कुणी दोन लेकरांची आई. पहाटे उठून सराव करायचा आणि नंतर कामावर जायचे, असे त्यांचे आयुष्य. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. या शर्यतीने शरीराविषयी जे धडे शिकवले, ते आपल्या गावच्या रस्त्यावर पहाटे ५ वाजता पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरापोरींना तंतोतंत लागू पडतात. त्यातला एक धडा आपल्या रक्ताविषयी आहे, आणि त्यावर आपल्या घरात फार कमी बोलले जाते.

पंधरा निघाले, बारा पोचले

ही शर्यत सुरू झाली ती एका वादातून. अमेरिकेच्या हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी होता. पोहणारा अधिक दमदार, सायकलवाला, की धावणारा, असा वाद मित्रमंडळीत निघाला. कॉलिन्सने तोडगा काढला. त्या बेटावर तीन वेगवेगळ्या शर्यती होतच होत्या. त्या तिन्ही एकाच दिवशी, एकामागून एक करायच्या आणि जो आधी संपवील तो लोखंडी माणूस.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले. १२ जण पोचले. पहिला आला गॉर्डन हॉलर. तो कुणी धनिक नव्हता, टॅक्सी चालवत होता. त्याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. दुसरा आलेला जॉन डनबर सायकल संपेपर्यंत पुढे होता, पण धावताना त्याच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली! जिंकत आलेली शर्यत त्याने गमावली. स्वतः कॉलिन्स सुमारे १७ तासांनी पोचला. पुढल्या वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेर ही पहिली स्त्री या शर्यतीत उतरली आणि सगळ्यांमध्ये पाचवी आली.

पुढे या खेळाच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रवेश झाला. तिथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. लांब शर्यत मात्र हौशी लोकांचीच राहिली.

ती रांगत पोचली

या शर्यतीला घराघरात नेले ते ज्युली मॉस या २३ वर्षांच्या विद्यार्थिनीने. ती व्यायामशास्त्र शिकत होती. अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ती फेब्रुवारी १९८२ च्या शर्यतीत उतरली. पोहणे झाले, सायकल झाली, आणि धावता धावता ती बायांमध्ये चक्क पहिली होती. शेवटची रेषा डोळ्यांसमोर आली आणि पाय गेले. अंगातले पाणी आणि साखर दोन्ही संपले होते. ती पडली, उठली, पुन्हा पडली. शेवटच्या काही हातांवर कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली. ज्युलीने उठण्याचा नाद सोडला आणि ती हातापायांवर रांगत निघाली. रेषेवर तिचा हात पडला तेव्हा पहिल्या आलेल्या बाईला पोचून फक्त २९ सेकंद झाले होते.

हे दृश्य दूरदर्शनवर लाखो लोकांनी पाहिले. पहिली कोण आली ते पुष्कळ जण विसरले, रांगत आलेली दुसरी मात्र साऱ्यांच्या लक्षात राहिली. तेव्हापासून या खेळात एक रीत पक्की झाली. पहिला येणारा एकच असतो, पण जो पोचला तो जिंकला. रात्री साडेअकरा वाजता लंगडत येणाऱ्यासाठीही लोक टाळ्या वाजवत उभे असतात.

पण या गोष्टीचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. रांगणे हे शौर्य होते यात शंका नाही. तरी ती पडली ती मन कमी पडले म्हणून नव्हे, तर शरीराचा हिशोब चुकला म्हणून. नुसती जिद्द पुरत नाही. हाच मुद्दा पुढे येणार आहे.

आपल्या महाराष्ट्रातले

आपल्याकडे या शर्यतीचा गाजावाजा झाला तो २०१५ साली. दादरच्या मराठी घरातले मिलिंद सोमण यांनी पन्नाशीला काही महिने उरले असताना स्वित्झर्लंडमधील झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. सिनेमा-जाहिरातीतला देखणा माणूस म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण मुळात ते राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. धावायला मात्र ते चाळिशीच्या आसपास लागले. २०१६ साली ते अहमदाबादहून मुंबईला ५२७ किलोमीटर अनवाणी धावत आले. त्या वाटेत त्यांच्या आई, उषा सोमण, साडी नेसून अनवाणी पायांनी मुलाबरोबर धावल्या. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली होती. घरातल्या म्हाताऱ्या बाईने काय करावे आणि काय करू नये, हे ठरवणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सोमण यांनी फ्लोरिडातील ‘अल्ट्रामॅन’ ही तीन दिवस चालणारी, पाचशे किलोमीटरहून लांब शर्यतही संपवली.

महाराष्ट्र पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समधील विची येथे आयर्नमॅन पूर्ण केली. पोलिसाच्या नोकरीत झोपेची वेळ ठरलेली नसते, जेवणाची नसते. त्यातून सरावाला वेळ काढणे ही शर्यतीआधीची शर्यत होय.

आपल्या विदर्भातले नाव सांगायचे तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ. त्यांचे मोठे पराक्रम सायकलीवरचे आहेत. २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ त्यांनी एकट्याने १२ दिवसांच्या आत संपवली. त्याच वर्षी, त्यांच्या काही तास आधी, नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ पोचले होते. ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०१८ साली डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायकल शर्यतही पार केली.

पूर्वी अशा शर्यतीसाठी परदेशीच जावे लागे. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, निम्म्या अंतराची शर्यत प्रथम झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. वेळ साडेआठ तास. सुमारे हजार जण उतरले आणि पहिला आला तो भारतीय सेनादलातला, मणिपूरचा बिश्वरजित सायखोम. पावणेपाच तासांच्या आत! विमानाने आलेल्या परदेशी पाहुण्यांना आपल्या ईशान्येच्या पोराने मागे टाकले. त्यानंतर ही शर्यत गोव्यात पुन्हा पुन्हा भरली आहे.

सतरा तास कसे जातात?

पहाटे अंधारात शेकडो माणसे किनाऱ्यावर उभी असतात. डोक्यावर रंगीत टोपी, डोळ्यांवर पाण्याचा चष्मा. पाण्यात शिरल्यावर पहिली काही मिनिटे सर्वांत कठीण. कुणाचा हात तोंडावर बसतो, कुणाचा पाय छातीत लागतो, श्वास लागत नाही. जाणते लोक अशा वेळी घाई करत नाहीत. बाजूला होतात, पाठीवर तरंगतात, श्वास जागेवर आला की पुढे निघतात. पोहण्याला साधारण २ तास २० मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात बाहेर आला नाही तर तुमची शर्यत तिथेच संपली.

ओल्या अंगाने सायकलीकडे पळायचे. बूट, शिरस्त्राण चढवायचे आणि निघायचे. या कपडे-बूट बदलण्याच्या जागेतला वेळही मोजला जातो. सायकलीवर पाच-सहा तासांपासून आठ तासांपर्यंत बसावे लागते. हीच खाण्याची वेळ. पोट साथ देते तोवर दर अर्ध्या तासाला थोडे थोडे खायचे आणि प्यायचे. पुष्कळ जण इथेच चुकतात. अंगात दम आहे तोवर सायकल दामटतात, खात नाहीत, आणि मग त्याची किंमत धावताना मोजतात. सुरुवातीपासून साडेदहा तासांत सायकल संपली पाहिजे.

सायकलीवरून उतरल्यावर पाय दगडाचे होतात. चालवतच नाहीत. म्हणून हे लोक सरावात सायकल झाल्याबरोबर थोडे धावण्याची मुद्दाम सवय करतात. मग सुरू होतात ४२ किलोमीटर. हौशी लोक तेवढे सलग धावत नाहीत. थोडे धावतात, पाण्याच्या टेबलाशी चालतात, पुन्हा धावतात. सूर्य बुडतो. कुणी रडते, कुणी आपल्या लेकराचे नाव घेत चालते. कोण श्रीमंत, कोण साहेब, हे त्या अंधारात कळत नाही. सगळ्यांच्या अंगावर सारखेच मीठ सुकलेले असते.

पाण्याची भीती

या तीन खेळांपैकी धावणे आपल्याला नवे नाही. सायकलही नवी नाही. शाळेला, मजुरीला जाताना ती सोबतीला असतेच. अडते ते पाण्याशी. नदीकाठच्या गावांत पोरे डुंबतात, पण नीट पोहायला, श्वास कसा घ्यायचा हे शिकायला, आपल्या वस्त्यांत कोण आले? ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या लेकरांना तळ्यात पोहायला कोण शिकवणार होते? आणि मुलींना तर आजही पाण्यात उतरू दिले जात नाही. पोहणे ही केवळ खेळाची बाब नाही. पूर आला की तीच जीव वाचवणारी विद्या ठरते.

भामरागडच्या लोकांना हे सांगायला नको. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव. वर्षानुवर्षे पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की गावाचा रस्ता तुटायचा. म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगतो. वाहत्या नदीत पोहण्याचा सराव करू नये, पुरात तर मुळीच नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी तपासल्या. १३५ पैकी ९० घटना पोहताना घडलेल्या होत्या. तिथे होड्या होत्या, जीवरक्षक होते, तरीही.

मग शिकायचे कुठे? आपल्या पूर्व विदर्भात जुने मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, गावोगाव आहेत. कडेचे पाणी उथळ, तळ माहितीचा, दोन पक्के पोहणारे सोबत, कंबरेला दोर आणि हाताशी हवा भरलेली ट्यूब. एवढी तयारी असेल तर तिथे शिकता येते. एकट्याने कधीही उतरायचे नाही. जेवून लगेच किंवा दारू पिऊन पाण्यात जायचे नाही. आधी श्वास आणि तरंगणे शिकायचे, वेग नंतर.

रक्ताचा हिशोब

आता त्या धड्याकडे येऊ, ज्यासाठी हा लेख लिहिला.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. माडिया, गोंड बांधवांत आहे, आपल्या बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत लिहिले होते. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. आपण बोलत नाही एवढेच.

यात दोन प्रकार असतात. आई आणि बाप दोघांकडून सिकलचा दोष आला तर ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार. सांधे दुखतात, रक्त कमी पडते, वारंवार दवाखाना करावा लागतो. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो. शेती करतो, ओझी वाहतो, संसार करतो. आपण वाहक आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

पण अतिश्रम, उकाडा आणि तहान ही तिन्ही एकत्र आली की वाहकाच्या रक्तातल्या पेशीही वाकड्या होऊ शकतात. मांड्यांचे, पाठीचे स्नायू आतून तुटू लागतात. त्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात, माणूस दगावू शकतो. हे अमेरिकेत लष्करी भरतीच्या सरावात प्रथम ठळकपणे दिसले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहक शिकाऊ सैनिकांमध्ये सरावातल्या अचानक मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. पुढे २००६ साली एक तरुण कॉलेज-खेळाडू सरावानंतर दगावला, आणि २०१० पासून तिथल्या मोठ्या महाविद्यालयीन खेळांत सिकलची तपासणी लागू झाली.

हे वाचून घाबरू नका. कारण गोष्टीचा पुढचा भाग आशेचा आहे. अमेरिकी लष्कराने नियम केले: उन्हाप्रमाणे सराव कमी-जास्त करायचा, पाणी प्यायला आणि विसाव्याला वेळ द्यायचा, श्रम हळूहळू वाढवायचे. हे नियम सगळ्यांनाच लावले, फक्त वाहकांना नाही. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये स्नायू तुटण्याचा धोका सुमारे दीडपट दिसला, पण मृत्यूचे प्रमाण इतरांहून जास्त नव्हते. रक्त तेच होते. काळजी घेतली म्हणून माणसे वाचली.

आता आपल्याकडे पाहा. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी पोरे महिनोन् महिने तयारी करतात. कुणी उपाशीपोटी धावतो. कुणी वजन उतरावे म्हणून पाणी कमी पितो. कुणी ताप अंगात असताना मैदानावर जातो, कारण भरतीची तारीख आली. पडला की दोस्त म्हणतात, ‘ऊठ बे, नाटक नको करू.’ या एका वाक्याने जीव जाऊ शकतो.

म्हणून आईबापांनी आणि शिकवणाऱ्यांनी एवढे करावे. पोरगा किंवा पोरगी सरावाला लागण्याआधी सिकलची तपासणी करून घ्यावी. रक्ताच्या एका थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात होते. तीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीने एएस की एसएस हे कळते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

एएस निघाला तर खेळ बंद करायचे कारण नाही. सराव आठवड्याआठवड्याने थोडा थोडा वाढवावा. ऊन चढायच्या आत संपवावा. दम लागेपर्यंत जोरात पळण्याच्या फेऱ्या लागोपाठ करू नयेत, मध्ये पुरता विसावा घ्यावा. ताप, जुलाब असताना सराव नको. मांड्या किंवा कंबर अचानक दुबळी पडली, दुखू लागली, श्वास पुरेना, तर त्याच क्षणी थांबावे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा आणि ‘मी सिकलचा वाहक आहे’ हे डॉक्टरांना सांगावे. एसएस असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लांब शर्यत किंवा जोराचा सराव करू नये. थंड पाण्यात पोहण्यानेही त्यांचे दुखणे उसळू शकते. बेताचे चालणे, हलका व्यायाम त्यांनी डॉक्टरांना विचारून करावा.

तपासणीत लाज कसली? रक्तगट सांगायला आपण लाजत नाही. लग्न जुळवतानाही ही चिठ्ठी कामाची आहे. दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते. आधी कळले तर सल्ला घेता येतो.

पैसा, शिदोरी आणि सुरुवात

खरे तेच सांगितले पाहिजे. आयर्नमॅन हा महागडा खेळ आहे. प्रवेश फीच अनेक हजारांची, चांगली सायकल लाखाच्या घरात, वर प्रवास आणि राहणे. रोजंदारी करणाऱ्याच्या पोराने कर्ज काढून तिथे जावे असे कुणी म्हणणार नाही. पण नाव महाग असले तरी खेळ महाग नाही. साध्या सायकलीने २० किलोमीटर आणि त्यावर ५ किलोमीटर धावणे, एवढे कोणत्याही गावात करता येते. पोहता येत नसेल तर आधी धावणे, मग सायकल, मग पुन्हा धावणे, अशी शर्यत असते. तिला ड्युएथलॉन म्हणतात. कित्येक ठिकाणी तिघांनी मिळून ट्रायथलॉन करायचीही सोय असते. एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचे. मोहल्ल्यातल्या तरुण मंडळाने वर्षातून एक दिवस अशी शर्यत भरवली, सुरुवातीला सगळ्यांना पाणी पाजले आणि शेवटच्याची वाट पाहत थांबले, तर तीही खरी ट्रायथलॉनच.

खाण्यासाठी परदेशी पुड्या लागत नाहीत. आदल्या रात्री भात-वरण किंवा भाकर-भाजी पोटभर. सकाळी दोन तास आधी पोहे किंवा केळी. लांब सरावात सोबत गूळ, केळी, खजूर. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने मोजून घेतले की उत्तम पेय तयार. जुलाबात लेकराला देतो तेच हे पाणी. मात्र तासन् तास घाम गाळल्यावर नुसते साधे पाणी लोटेच्या लोटे पिणेही घातक असते. अंगातले मीठ पातळ होऊन भोवळ येते, फिट येऊ शकते. तहानेप्रमाणे, थोडे थोडे आणि मिठासह, हे सूत्र लक्षात ठेवावे.

रोज एक टक्का

शेवटी आणखी एका हौशी खेळाडूची गोष्ट. अमेरिकेत ख्रिस निकिक नावाचा तरुण आहे. त्याला जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. अशा लेकराला पुष्कळ घरांत मतिमंद म्हणून कोपऱ्यात बसवले जाते. त्याच्या घरच्यांनी तसे केले नाही. रोज एक टक्का सुधारायचे, एवढाच त्याचा नेम. ७ नोव्हेंबर २०२० रोजी, वयाच्या २१ व्या वर्षी, तो फ्लोरिडात पूर्ण आयर्नमॅनला उतरला. सोबतीला एक जाणता खेळाडू होता. पाण्यात तर दोघे दोराने बांधलेले. वाटेत सायकलीवरून पडला. खायला थांबला तर पायाला मुंग्या डसल्या. तरी तो १६ तास ४६ मिनिटे ९ सेकंदांत पोचला. मुदतीला १४ मिनिटेसुद्धा उरली नव्हती. डाउन सिंड्रोम असलेला माणूस ही शर्यत पूर्ण करू शकतो, हे त्याने जगात पहिल्यांदा दाखवले.

त्याच्या गोष्टीत जिद्द आहेच. पण सोबत दोर आहे, सोबती आहे, आणि हळूहळू वाढवलेला सराव आहे. ज्युली पाणी आणि साखर संपल्यामुळे पडली. डनबर सोबत्यांचे पाणी संपल्यामुळे मागे राहिला. सैनिक वाचले ते विसाव्याच्या नियमामुळे. लांबच्या वाटेवर एकटी छाती कामाला येत नाही. सोबत, पाणी आणि वेळेवर थांबणे यांवरच माणूस पोचतो.

भामरागडच्या जंगलात हे ज्ञान जुनेच आहे. पावसाळ्यात एखाद्या पाड्यावरून बाळंतीण बाईला खाटेवर घालून आणायचे झाले, तर चौघे खांदा देतात, चौघे रिकाम्या हातांनी सोबत चालतात. खांदा अवघडला की दुसरा पुढे होतो. नाल्याला पाणी जास्त असेल तर ते काठावर थांबतात, पाणी उतरण्याची वाट पाहतात, आणि मगच पलीकडे जातात. त्यांना कुणी पदक देत नाही, घड्याळ लावून कुणी उभे नसते.

उद्या पहाटे तुमचे पोरगे बूट बांधून धावायला निघाले तर त्याला अडवू नका. एवढेच विचारा: पाणी घेतले का? सोबत कोण आहे? आणि रक्त तपासले का?